दहा हजार धुरांची दरी

अलास्काच्या नैऋत्येला समुद्रात लांबवर घुसलेला एक द्वीपकल्प आहे. शाळेच्या नकाशावर तो हत्तीच्या सोंडेसारखा दिसतो. त्याच्या कण्यावर ज्वालामुखींची रांगच रांग आहे. या रांगेत काटमाई नावाचा डोंगर आहे आणि त्याच्या पलीकडे एक दरी आहे. दरीचे नाव 'दहा हजार धुरांची दरी'. आम्हाला तिथे जाण्याचा योग आलेला नाही, हे आधीच सांगितलेले बरे. जे पुढे लिहीत आहोत ते अहवाल, नकाशे आणि छायाचित्रे यांच्या आधाराने. पण या दरीची हकिकत अशी आहे की नुसते तिथे जाऊन आलेल्या माणसांनाही ती बरीच वर्षे कळली नव्हती. आम्ही ही दरी निवडली ती त्यासाठीच.

आज एखाद्या प्रवाशाला तिथे जायचे असेल तर वाट अशी आहे. अँकरेज शहरातून विमानाने किंग सॅमन या गावी जायचे. तिथून पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने ब्रुक्स कॅम्प गाठायचा. उतरल्याबरोबर अस्वलांच्या मुलखात कसे वागावे याचा एक पाठ ऐकावा लागतो. त्यातून कुणाला सूट नाही. मग बसने सुमारे ३७ किलोमीटरचा कच्चा रस्ता. रस्ता संपतो तिथे टेकडीच्या कडेवर एक लहानशी इमारत आहे, आणि समोर दरी. हे सारे जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. एरवी ही वाट बंद.

दरीत काय दिसते? दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, लांब बर्फाची शिखरे आणि मध्ये करड्या, पिवळसर, गुलाबी छटांचे सपाट पठार. झाड नाही. नद्यांनी पठार सुरीने कापल्यासारखे उभे चिरले आहे; काठ इतके सरळ की वाकून पाहावे तेव्हा तळाचे गढूळ पाणी दिसते. सारे काही आहे, फक्त धूर नाही. दहा हजार तर राहोच, टेकडीवरून पाहणाऱ्याला एकही दिसत नाही. आत चालत जाऊन शोधले तर वरच्या टोकाला काही ठिकाणी कोमट वाफ हाताला लागते, इतकेच.

मग नाव खोटे होते काय? नाव खोटे नव्हते. ते ज्याने दिले त्याने धूर डोळ्यांनी पाहिले होते, त्यांच्यावर स्वयंपाकही केला होता.

६ जून १९१२ या दिवसापासून सुरुवात करू. त्याआधी निदान पाच दिवस या भागात भूकंपाचे धक्के बसत होते. काटमाई गावात त्या वेळी दोनच कुटुंबे मागे राहिली होती. बाकीची माणसे मासेमारीच्या हंगामासाठी किनाऱ्यावर दुसरीकडे गेली होती. धक्के वाढले तशी ती दोन कुटुंबेही होड्या घेऊन निघून गेली. दुपारी एकच्या सुमारास स्फोट झाला. बाराशे किलोमीटर दूर असलेल्या जूनो शहरात तो आवाज सुमारे तासाभराने ऐकू आला. (आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरून विद्यार्थ्यांना हा हिशेब करायला सांगावा, उत्तर ५९ मिनिटांच्या आसपास येते.)

त्याच वेळी 'डोरा' नावाची आगबोट द्वीपकल्प आणि कोडियाक बेट यांच्यामधल्या समुद्रातून चालली होती. कप्तानाला मागे काळ्या धुराचा प्रचंड स्तंभ उठलेला दिसला. त्याने होकायंत्राने दिशा घेतली, नकाशाशी ताडून पाहिली आणि आपल्या नोंदीत लिहून ठेवले की हा काटमाई ज्वालामुखी, अंतर सुमारे ५५ मैल. वाचकांनी ही नोंद लक्षात ठेवावी, पुढे तिची गरज पडणार आहे.

उद्रेक जवळजवळ साठ तास चालला. सुमारे १६० किलोमीटरवरच्या कोडियाक गावात दोन दिवसांहून अधिक काळ मिट्ट काळोख होता. अलास्काच्या जून महिन्यात रात्र अशी फारशी नसतेच, हे ध्यानात घेतले म्हणजे या काळोखाची कल्पना येईल. कंदील हातभर अंतरावर धरला तरी दिसेना. फूटभर राख साचली, छपरे खचली, पिण्याचे पाणी नासले. गावातली सुमारे पाचशे माणसे बंदरातल्या 'मॅनिंग' नावाच्या सरकारी जहाजावर दाटीवाटीने बसून राहिली. उद्रेकाने मात्र एकाही माणसाचा थेट बळी घेतल्याची नोंद नाही.

हा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा उद्रेक. बाहेर पडलेला शिलारस, म्हणजे राख आणि फेसाळ दगड यांच्यातल्या पोकळ्या वगळून उरणारा घन भाग, १३ घन किलोमीटरच्या आसपास भरतो. ग्रिग्ज नावाच्या ज्या गृहस्थाची ओळख आपण आता करून घेणार आहोत, त्याने आपल्या देशातल्या वाचकांना समजावे म्हणून हाच उद्रेक न्यूयॉर्क शहरात झाला असता तर काय, अशी कल्पना मांडली होती. आपल्याला त्याहून जवळचे माप घेता येईल. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय काठोकाठ भरला तर त्यात तीन घन किलोमीटरपेक्षा थोडे कमी पाणी मावते. तशी साडेचार तलाव भरतील इतका शिलारस जमिनीखालून साठ तासांत वर आला.

जून संपण्याच्या आत या राखेची बारीक धूळ अर्ध्या जगाला वळसा घालून गेली. अल्जीरियातल्या बास्सूर या ठिकाणी चार्ल्स अ‍ॅबट हा शास्त्रज्ञ सूर्यप्रकाशाची तीव्रता मोजत होता. जूनच्या उत्तरार्धात त्याच्या उपकरणांनी प्रकाश कमी भरत असल्याचे दाखवले. आकाशात ढग नव्हते, एक पातळ धूसरपणा होता. ज्वालामुखी आणि हवामान यांच्या संबंधावर अ‍ॅबटने पुढच्याच वर्षी लेख लिहिला, त्याच्या मुळाशी ही मोजमापे होती.

इतके घडूनही उद्रेकाच्या जागी कुणी गेले नाही. अमेरिकेच्या नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीने महिन्याभरात जॉर्ज मार्टिन या भूशास्त्रज्ञाला पाठवले. त्याने किनाऱ्याची पाहणी केली, माहिती गोळा केली, पण डोंगरांच्या पलीकडे तो पोचू शकला नाही. पलीकडे जायला एक खिंड होती, काटमाई खिंड. १८९८ मध्ये स्पर नावाचा भूशास्त्रज्ञ तिच्यातून गेला होता, आणि पुढे नोमच्या सोन्याच्या गर्दीच्या दिवसांत काही धाडसी लोकही तिचा आडवाट म्हणून उपयोग करीत. तिथल्या वाऱ्याची फार वाईट ख्याती होती. खिंडीपलीकडे तेव्हा हिरवी दरी होती, नदी होती, पायवाट होती.

रॉबर्ट ग्रिग्ज हा भूशास्त्रज्ञ नव्हे, वनस्पतिशास्त्रज्ञ. ओहायो स्टेट विद्यापीठात शिकवायचा. ज्वालामुखीशी त्याला काही कर्तव्य नव्हते. राखेखाली गाडलेल्या जमिनीवर झाडोरा पुन्हा कसा येतो, एवढाच त्याचा प्रश्न होता. त्यासाठी सोसायटीने त्याला १९१५ मध्ये कोडियाकला पाठवले. त्या बेटावर त्याला आश्चर्याचा धक्का बसला. तीन वर्षांपूर्वी ओसाड झालेल्या बेटावर गवत कमरेएवढे वाढले होते. बी रुजून नव्हे. फूटभर राखेखाली दबलेल्या जुन्या मुळांनी आणि खोडांनीच राख फोडून अंकुर वर काढले होते. त्यात आपल्या अकरावीच्या पुस्तकातल्या इक्विसेटमचाही समावेश होता. नाजूक दिसणारी ही वनस्पती राखेच्या थरातून भाल्यासारखी वर येते.

मग त्याला मुख्य भूमीवर काय झाले असेल याची उत्सुकता लागली. १९१६ च्या १९ जुलैला तो काटमाई डोंगरावर चढून काठावर पोचला. शिखर जाग्यावर नव्हते. त्याऐवजी कित्येक किलोमीटर रुंद, खोल विवर आणि तळाशी निळसर हिरवा तलाव. एवढा मोठा डोंगर बिनडोक्याचा पाहिल्यावर त्याने तेच अनुमान काढले जे कुणीही काढले असते: डोके उडाले. किती उडाले याचा त्याने हिशेबही केला, तो दोन घन मैलांच्या आसपास आला.

३१ जुलैला तो फोल्सम नावाच्या सोबत्याबरोबर काटमाई खिंडीत पोचला. दोघे दमले होते, परतावे असे मनात होते. तेवढ्यात ग्रिग्जला जमिनीतून निघणारा वाफेचा एक बारीकसा झोत दिसला. तो पाहायला ते थोडे पुढे गेले, एका उंचवट्यावर चढले. समोर सारी दरी धुरत होती. जिथवर नजर जाईल तिथवर जमिनीतून वाफेचे लोट वर येत होते, काही बारीक, काही तीनशे मीटरपर्यंत उंच जाणारे. स्परने ज्या दरीतली हिरवळ आणि नदी पाहिली होती ती राखेखाली पुरती बुजली होती. ग्रिग्जने धूर मोजले नाहीत. मोजता येण्यासारखे ते नव्हतेच. दहा हजार हा आकडा आपण 'छप्पन्न भानगडी' म्हणतो त्या जातीचा आहे.

धूर हा शब्दही तसा चुकीचाच. काही जळत नव्हते. ती वाफ होती. भूशास्त्रात अशा छिद्रांना फ्यूमरोल म्हणतात. पुढे १९१७, १९१८ आणि १९१९ मध्ये मोठ्या मोहिमा गेल्या. त्यांच्या मुक्कामाची वर्णने वाचताना आम्हाला मौज वाटली. पहिले काही दिवस माणसे पाऊल टाकताना जमीन खचेल की काय म्हणून जपून चालत. मग सवय झाली. तंबूतली जमीन इतकी गरम की काही इंच खोल खुपसलेला तापमापक पाण्याच्या उत्कलनबिंदूला जाई. एका अंगाने अंथरूण भाजे, दुसऱ्या अंगाने वारा गारठवी. तळणीचे भांडे वाफेच्या तोंडावर धरायचे, पण ते खाली दाबून धरावे लागे, कारण झोत त्याला उचलून टाकी. आणि जवळच्या हिमनदीचा बर्फ म्हणजे घरचे शीतकपाट. चूल आणि शीतकपाट यांच्यात दगडफेकीचे अंतर.

खेळ बाजूला ठेवून त्यांनी मोजमापेही केली. १९१९ मध्ये अ‍ॅलन आणि झाईस या रसायनशास्त्रज्ञांनी एका फ्यूमरोलचे तापमान ६४५ अंश सेल्सियस मोजले. शिसे ३२७ अंशांना वितळते, जस्त ४१९ ला. त्या झोतात लाकडाची काठी धरली की बाहेर काढताच पेट घेई. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली: बाहेर येणाऱ्या वायूत ९९ टक्क्यांहून अधिक भाग साधे पाणी होते. हा आकडा पुढच्या गोष्टीची किल्ली आहे, पण त्या वेळी ती किल्ली कुलपाला लावली गेली नाही.

ग्रिग्जची समजूत अशी होती की या हजारो छिद्रांखाली शिलारस आहे आणि वाफ तिथून येते. तसे असेल तर दरी पिढ्यान्‌पिढ्या धुमसत राहणार. पुढे केव्हातरी ती निवेल आणि यलोस्टोनसारखी गरम पाण्याची कारंजी तिथे उडू लागतील, अशीही त्याची अटकळ होती. यलोस्टोनचे आजचे रूप हे अशाच एका दरीचे म्हातारपण असावे, असे त्याचे म्हणणे. कल्पना सुंदर होती. सोसायटीने ती उचलून धरली, आणि २४ सप्टेंबर १९१८ रोजी अध्यक्ष विल्सन यांनी हा सारा प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवला. पुढच्या पिढ्यांना हा चमत्कार पाहता यावा, हा हेतू.

चमत्कार मात्र पुढच्या पिढीपर्यंतही टिकला नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच छिद्रे मंदावू लागली. ग्रिग्ज १९३० मध्ये परत गेला तेव्हा बरीचशी विझली होती. पुढच्या काही वर्षांत दरी जवळजवळ शांत झाली.

का? कारण धुराला खालून मूळ नव्हते. साऱ्या उष्णतेचे भांडार राखेच्या थरातच होते. उद्रेकाच्या वेळी काही राख आभाळात गेली, पण काही राख, प्यूमिसचे दगड आणि तप्त वायू यांचा एकजीव लोट पाण्यासारखा जमिनीसरशी वाहत दरीत उतरला. प्यूमिस म्हणजे वजरीसारखा सच्छिद्र, पाण्यावर तरंगणारा दगड. या लोटाने सुमारे १२० चौरस किलोमीटर भाग झाकला. काही ठिकाणी थराची जाडी दोनशे मीटरपर्यंत आहे. शेकडो अंश तापलेली ही गादी जुन्या नद्यांवर, ओढ्यांवर, बर्फावर पसरली. वरून पाऊस आणि वितळलेले बर्फ झिरपत राहिले. पाणी आत जायचे, वाफ होऊन भेगांतून बाहेर यायचे. तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारला तर काय होते ते प्रत्येक घरात ठाऊक आहे. तवा चुलीवर असेल तर हबक्यामागून हबके वाफ होत राहतील. चुलीवरून उतरवला असेल तर काही हबक्यांनंतर पाणी पाणीच राहते. ही दरी म्हणजे उतरवून ठेवलेला तवा होता. ९९ टक्के पाणी कुठून आले, याचे उत्तर आकाशाकडे पाहून मिळाले असते.

ग्रिग्जला हसण्याचे कारण नाही. ताजा, जाड, असा तप्त थर शास्त्रज्ञांनी याआधी इतक्या जवळून कधी पाहिलाच नव्हता. जगात ठिकठिकाणी पसरलेले याच जातीचे जुने खडक कसे बनले, हे पुढे या दरीच्या अभ्यासानेच नीट समजू लागले.

आपल्याकडच्या शिक्षकांना इथे एक अडचण येते, ती सांगून टाकतो. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा, हे आपण शिकवतो. पण तो बेसाल्ट. त्याच्यात सिलिकाचे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे शिलारस पातळ, भेगांतून निघून दूरवर वाहणारा. थरावर थर पसरले आणि आपले पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर तयार झाले. काटमाईच्या परिसरात १९१२ मध्ये प्रथम जो शिलारस आला त्यात सिलिका ७७ टक्के होते. असा शिलारस काकवीहून कितीतरी घट्ट. त्यात कोंडलेला वायू सुटताना तो वाहत नाही, फुटतो. राख त्यातून होते. मुलांना 'ज्वालामुखी' म्हटल्यावर नुसती लाल नदी डोळ्यांसमोर येऊ नये, एवढ्यासाठी हा फरक सांगावा.

आता राहिला काटमाई डोंगर. धुराचे गूढ उलगडले, तरी उद्रेक काटमाईनेच केला याविषयी चाळीस वर्षे जवळजवळ कुणाला शंका नव्हती. शंका का यावी? 'डोरा'च्या कप्तानाने दिशा घेतली होती. सवोनोस्की गावचा मुखिया, ज्याला सारे 'अमेरिकन पीट' म्हणत, स्फोटाच्या दिवशी दरीच्या तोंडाशी होता. १९१८ मध्ये त्याची हकिकत लिहून घेतली गेली आणि तोही काटमाई फुटला असेच सांगत होता. आणि सर्वांत मोठा पुरावा म्हणजे बिनडोक्याचा डोंगर. त्याच्या पश्चिमेला दहा किलोमीटरवर, दरीच्या वरच्या टोकाला, काळ्या खडकाचा एक घुमट होता. उंची जेमतेम ६५ मीटर, रुंदी चारशे मीटरच्या आत. ग्रिग्जने त्याला लॅटिनमध्ये नवा उद्रेक अशा अर्थाचे 'नोव्हारुप्टा' हे नाव दिले आणि तो उद्रेकातला एक दुय्यम भाग मानला. प्रवासी त्याच्याजवळ जात, छायाचित्रे घेत, आणि काटमाईकडे तोंड करून उभे राहत.

१९५३ आणि १९५४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचा गार्निस कर्टिस त्या भागात हिंडला. (याच कर्टिसने पुढे पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने आफ्रिकेतल्या ओल्डुवाई घळीतल्या आदिमानवाच्या अवशेषांचे वय ठरवण्यात भाग घेतला. तेव्हा माणूस मोजमापाचा.) त्याने फार साधे काम केले. जागोजाग राखेत खणायचे, थरांची जाडी मोजायची, नकाशावर आकडा लिहायचा. सारख्या जाडीची ठिकाणे रेषेने जोडली की नकाशावर वर्तुळासारखी वेटोळी उमटतात, आणि राख जिथून आली ती जागा वेटोळ्यांच्या मध्यभागी सापडते. वेटोळी काटमाईभोवती जुळली नाहीत. ती नोव्हारुप्टाभोवती जुळली.

दुसरा पुरावा राखेच्या पोटातला. डोंगराचे डोके उडाले असेल तर त्याचे तुकडे राखेत मिसळलेले सापडायला हवेत, दोन घन मैलांचे तुकडे. ते जवळपास नाहीतच. उलट नोव्हारुप्टाखालच्या जमिनीतले वालुकाश्म आणि शेल यांचे तुकडे राखेत आढळतात. तोफ कुठे होती ते तिने फेकलेल्या खड्यांनी सांगितले.

मग काटमाईचे शिखर गेले कुठे? खाली. जुन्या घरांत धान्याची कणगी असे. तिच्या बुडाशी एका बाजूला भोक ठेवलेले. भोकातून धान्य काढू लागले की वरच्या बाजूला, भोकापासून लांब, धान्यात खळगा पडत जातो. काटमाईच्या पोटातला शिलारस आडवा सरकून दहा किलोमीटरवरच्या भोकातून बाहेर पडला, आणि आधार गेलेले शिखर आत कोसळले. राखेतल्या प्यूमिसपैकी काही पांढरे, काही काळे, काही पट्ट्यापट्ट्यांचे आहेत. त्यांतल्या गडद दगडांची घडण काटमाईच्या लाव्हाशी जुळते. उद्रेकाच्या त्या दिवसांत दूरदूरच्या भूकंपमापकांवर मोठे धक्के नोंदले गेले, ते बहुधा या कोसळण्याचे. शिलारसाची जमिनीखालची नेमकी वाट कोणती, यावर मतभेद आहेत. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण खात्यातले वेस हिल्ड्रेथ आणि ज्यूडी फीरस्टीन यांनी या उद्रेकावर वर्षानुवर्षे काम केले आणि २०१२ मध्ये, शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा, त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या नावातच नोव्हारुप्टा आधी आणि काटमाई नंतर आहे.

आता 'डोरा'च्या नोंदीकडे परत येऊ. कप्तानाने खोटे लिहिले नव्हते. पण होकायंत्र दिशा सांगते, अंतर सांगत नाही. दिशेची एकच रेषा हातात असली की तिच्यावरची कोणतीही जागा चालते. जागा निश्चित करायला दुसऱ्या ठिकाणाहून दुसरी रेषा हवी. शिवाय ८८ किलोमीटरवरून पाहताना दहा किलोमीटरचे अंतर फार तर सहा-सात अंशांचे दिसणार, आणि स्तंभ तर फुगत चाललेला. नकाशावर त्या बाजूला मोठे नाव काटमाईचे होते, तेच लिहिले गेले. नोव्हारुप्टा हे नाव तेव्हा अस्तित्वातच नव्हते.

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो, म्हणून सुचवतो. मैदानात पंधरा-वीस पुठ्ठे मांडून ठेवावेत. मुलांना पाठमोरे उभे करून एकाने एका जागी उभे राहून थोड्या वाऱ्यात पीठ किंवा खडूची भुकटी उधळावी, आणि निघून जाताना दुसऱ्याच जागी एक मोठी रिकामी पिशवी टाकून जावे. मग प्रत्येक पुठ्ठ्यावर किती भुकटी पडली ते मुलांनी पाहून कागदावर मांडावे. आधी सगळे पिशवीकडे बोट दाखवतात.

गावांचे काय झाले, ते राहिलेच. काटमाई गावचे लोक परत जाऊ शकले नाहीत. त्यांना द्वीपकल्पावर दूर नैऋत्येला नेऊन वसवले गेले. वसवायला मदत करणाऱ्या 'मॅनिंग'च्या कप्तान पेरीच्या नावावरून त्या गावाला पेरीव्हिल म्हणतात आणि ते आजही आहे. सवोनोस्कीच्या लोकांनी नाकनेक नदीकाठी नवे सवोनोस्की वसवले. अमेरिकन पीटने सांगितलेल्या हकिकतीत आपल्या जुन्या जागी पुन्हा कधी राहता येणार नाही याचे दुःख आहे, आणि स्फोट नेमका कोणत्या डोंगराने केला या वादात ते दुःख फार कुणाच्या लक्षात आलेले दिसत नाही. स्मारक झाले ते धुरांचे. १९८० मध्ये स्मारकाचे राष्ट्रीय उद्यान झाले. तोवर धूर संपले होते, आणि आता येणारे बहुसंख्य प्रवासी येतात ते ब्रुक्सच्या धबधब्यावर सॅमन मासे पकडणारी अस्वले पाहायला. दरीची बस त्यातले थोडेच पकडतात.

चंद्रावर जाण्याच्या तयारीत असलेल्या अंतराळवीरांना मात्र १९६५ मध्ये मुद्दाम या दरीत आणून दगड ओळखायला शिकवले होते.

ग्रिग्जचा मूळ प्रश्न झाडांचा होता. त्याचे उत्तर त्याला तिथे मिळू लागले होते. कोडियाकला राख पातळ, म्हणून जुनी मुळे वर आली. दरीत थर जाड आणि तप्त, मुळे जळून गेलेली. तिथे सगळे पहिल्यापासून. कोऱ्या राखेत नायट्रोजन जवळजवळ नसतो. १९३० च्या फेरीत त्याला राखेवर लिव्हरवर्ट वर्गातल्या बारीक वनस्पतींची गादी पसरलेली दिसली, आणि १९३३ मध्ये त्याने त्यावर निबंध लिहिला. त्याचे नाव १९५९ मध्ये तिथल्या एका उंच ज्वालामुखीला देण्यात आले. १९६२ मध्ये तो वारला.

दरीचा मोठा भाग अजून उघडा आहे. राख दगड बनलेली नाही तिथे ती मोकळीच पडून आहे, आणि खिंडीतला वारा स्परच्या काळी होता तसाच आहे. कोरड्या दिवसांत तो जोराने वाहिला की राख उचलून समुद्रावर नेतो. सप्टेंबर २००३ मध्ये ती अशीच कोडियाकपर्यंत गेली, आणि तेव्हापासून असे ढग उठले की वैमानिकांना ज्वालामुखीच्या राखेचा इशारा देण्यात येतो. इशाऱ्यात उद्रेकाची तारीख ६ जून १९१२ अशीच धरायला हवी.